कालचे घेणारे, आजचे देणारे

डिसेंबर 2004 ची त्सुनामी आठवा. तामिळनाडूपासून अंदमानपर्यंत हाहाकार होता, तरी आपल्या सरकारने परदेशी सरकारांना कळवलं की तातडीची मदत नको, आमचं आम्ही बघतो. त्याच दिवसांत नौदलाची जहाजं मात्र श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे निघाली होती. त्याआधी 2003 मध्ये छोट्या देणगीदार देशांना 'आता पुरे' असं सांगून झालं होतं आणि काही अतिगरीब देशांची कर्जंही भारताने माफ केली होती. जगाने आपल्याला कोणत्या रांगेत धरायचं, मदत घेणाऱ्यांच्या की देणाऱ्यांच्या, हा यातला खरा प्रश्न होता. पुढे 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनची यंत्रं बाहेरून घ्यावी लागली, तेव्हा ती घेताना सरकारी भाषेची किती कसरत झाली तेही आपण पाहिलं.

नव्याने मदत देऊ लागलेला प्रत्येक देश असाच असतो. तो पैशाबरोबर स्वतःची गोष्टही देतो. आणि गोष्ट म्हटली की काटछाट आलीच.

दक्षिण कोरिया घ्या. युद्धानंतर परकीय मदतीवर तगलेला हा देश 2010 मध्ये श्रीमंत देणगीदारांच्या 'डॅक' या समितीत जाऊन बसला. त्याची गोष्ट म्हणजे 1970 ची 'सेमाउल उंदोंग' ही ग्रामविकास मोहीम. सरकारने गावागावाला सिमेंटची 335 पोती दिली, पुढच्या खेपेला चांगलं काम करणाऱ्या गावांना झुकतं माप दिलं. आज कोरिया हेच मॉडेल आफ्रिका-आशियात नेतो. पण ती मोहीम पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीत झाली होती आणि त्याआधी 1950 च्या सुमारास जमिनीचं फेरवाटप झालं होतं, हे सांगताना आवाज जरा बारीक होतो. ज्या देशात जमीनच मूठभरांकडे आहे, तिथे सिमेंटची पोती काय करणार?

ब्राझीलची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सेराडो हा तिथला सवाना प्रदेश, एकेकाळी शेतीच्या दृष्टीने वाया गेलेला समजला जाणारा. जपानच्या मदतीने 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे सोयाबीनची अफाट शेती उभी राहिली. मग ब्राझील आणि जपान मिळून तोच चमत्कार मोझांबिकच्या उत्तर भागात घडवायला निघाले. प्रकल्पाचं नाव 'प्रोसवाना'. हवामान सारखं, पोर्तुगीज भाषाही सामाईक, कागदावर सगळं जुळत होतं. फक्त त्या जमिनीवर हजारो छोटे शेतकरी आधीपासून कसत होते. 2013 मध्ये तिथल्या शेतकरी संघटनांनी थेट तिन्ही देशांच्या प्रमुखांना खुलं पत्र लिहिलं. शेवटी 2020 मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. आपणही विकसनशील, म्हणजे आपल्याला समोरच्याचं दुःख आपोआप कळतं, हा भ्रम तिथे उघडा पडला. मला हा धडा चीन आणि भारत दोघांसाठीही लागू वाटतो.

चीनचे तेव्हाचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी 1964 मध्ये मदतीची आठ तत्त्वं मांडली. अटी नाहीत, विशेषाधिकार नाहीत, आणि चिनी तज्ज्ञांनी स्थानिक तज्ज्ञांसारखंच राहायचं. पाश्चात्त्यांनी न परवडणारा ठरवलेला टांझानिया-झांबिया रेल्वेमार्ग, तब्बल 1,860 किलोमीटरचा, चीनने 1970 ते 1975 मध्ये बिनव्याजी कर्जावर बांधून दिला. आजच्या चिनी कर्जांत व्यापारी हिशेब मोठा आहे, पण भाषणातली भाषा अजून त्या रेल्वेच्याच काळातली.

आपलंही तसंच. 1964 मध्ये सुरू झालेला 'आयटेक' प्रशिक्षण कार्यक्रम ही मला आपली सगळ्यात प्रामाणिक मदत वाटते. इतर विकसनशील देशांतले अधिकारी, तंत्रज्ञ येतात, शिकतात, परत जातात. त्याला उद्घाटनाची फीत लागत नाही. पण आता मोठा भार एक्झिम या सरकारी आयात-निर्यात बँकेच्या सवलतीच्या कर्जांवर आहे आणि त्यांत साधारणपणे 75 टक्के माल-सेवा भारतातून घ्यायची अट असते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, श्रीमंत देशांनीही वर्षानुवर्षं हेच केलं. फक्त आपल्या मदतीला 'बिनशर्त' म्हणताना तो शब्द जरा जपून वापरावा, एवढंच.

'डॅक'मध्ये न जाण्याचा भारत-चीनचा निर्णय मला पटतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदतीचं लक्ष्य 1970 पासून मिरवणाऱ्या, पण ज्यांच्यातल्या बहुतेकांनी ते कधीच गाठलं नाही, अशा मंडळींकडून शिस्त कशाला शिकायची? पण त्यांचे नियम नाकारणं वेगळं आणि हिशेबच न दाखवणं वेगळं. चीनच्या श्वेतपत्रिकांत एकूण आकडे असतात, कोणत्या देशाला किती ते नसतं. आपल्या परराष्ट्र खात्याच्या अंदाजपत्रकात देशवार अनुदान दिसतं, भूतान वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर. पण कर्जातून बांधलेला कारखाना किंवा वीजवाहिनी पाच वर्षांनी चालू आहे की गंजतेय, हे सामान्य माणसाला सहज वाचायला मिळत नाही.

'घरात गरिबी असताना बाहेर का वाटता?' असं विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवण्यापेक्षा त्याच्या हाती प्रत्येक पूर्ण झालेल्या प्रकल्पाचा अहवाल द्या. आणि त्याची एक प्रत ज्या देशात तो प्रकल्प आहे, तिथल्या लोकांच्या भाषेतही काढा. कर्ज शेवटी त्यांनाच फेडायचं आहे.