बाकावरचा भाडेकरू

आज सकाळी माझ्याच बागेत, माझ्याच बाकावर पाय पसरून बसलेल्या गृहस्थांनी मला पाहिलं आणि अगदी यजमानाच्या सुरात म्हणाले, "या या, बसा ना!" आणि हात केला तो पालथ्या बादलीकडे. त्याहून वाईट म्हणजे मी बसलो. एक अक्षर न बोलता, मुकाट, त्या बादलीवर जाऊन बसलो. दुपार झाली तरी तेच डोक्यात फिरतंय, म्हणून लिहून मोकळा होतो.

बाग बायकोची. शंभर टक्के ऑरगॅनिक. बाक तेवढा माझा. जुन्या दाराच्या फळ्या वापरून केलेला, घेवड्याच्या मांडवाला लागून, उजवीकडे एक खिळा वर आलेला (तो शर्ट फाडतो, तीन शर्ट गेलेत) आणि डावीकडची फळी माझी पाठ टेकून टेकून इतकी गुळगुळीत झालीये की अंधारातसुद्धा मी अचूक तिथेच बसतो. सकाळी पेपर घेऊन तिथे अर्धा तास बसणं एवढीच माझी ऐष. तीसुद्धा पूर्ण नाही, कारण पेपरवर कंपोस्टचा डोळा असतो. ओला कचरा म्हणजे नायट्रोजन, सुका म्हणजे कार्बन, आणि वजनाने पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन असं जमलं तर ढीग आतून पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापतो आणि खत झकास होतं, हे मला पाठ आहे, कारण आमच्या घरातला कार्बन म्हणजे माझा पेपर. मी पहिल्या पानावर असतो तेव्हा शेवटच्या पानाच्या पट्ट्या झालेल्या असतात. गुळगुळीत रंगीत पुरवणी मात्र कंपोस्टला चालत नाही. त्यामुळे जगात काय चाललंय ते मला माहीत नसतं, पण या सीझनला कुठल्या रंगाचे पडदे चालतात ते विचारा.

असो. तर मागच्या रविवारी बायकोच्या ग्रुपमधले एक काका बाग बघायला आले. निवृत्त आहेत, गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं असतं. त्यांचं नाव मला सांगितलं होतं पण मी त्यांना मनात भिंगवाले म्हणतो आणि आता तेच तोंडात बसलंय. मी बाकावर होतो. ते मांडवाखालून वाकून पानं उलटी करकरून बघत बघत माझ्यापर्यंत आले आणि एकदम ओरडले,

"हलू नका!"

मला वाटलं साप. मी श्वाससुद्धा बंद केला.

"पाठ टेकू नका. सावकाश पुढे सरका. सावकाश! शाब्बास. आता उभे राहा."

मी उभा राहिलो. ते गुडघ्यावर बसले, भिंग लावलं आणि माझ्या गुळगुळीत फळीकडे अशा प्रेमाने बघायला लागले की मलाच परक्यासारखं वाटलं.

"काय आहे?"

"कोष आहे."

"कसला?"

"ढालकिड्याचा. लेडीबर्ड हो. लाल, वर काळे ठिपके. थोडक्यात वाचला तुमच्या पाठीखालून."

मीही वाकून बघितलं. मुगाच्या दाण्याएवढं, नारिंगी, काळे डाग असलेलं काहीतरी शेपटाकडून फळीला चिकटलं होतं. मी म्हटलं, बरं, मग उचलून पानावर ठेवू या. यात मी काय वाईट बोललो ते मला अजून कळलेलं नाही, पण काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाळण्यातलं बाळ गॅलरीत ठेवू या म्हटलं.

"चिकटलाय तो. ओढलात तर संपलं. आत सगळी मोडतोड करून नव्याने बांधकाम चालू असतं, कल्पना आहे का?"

"किती दिवस चालणार बांधकाम?"

"ऊन बरं असेल तर पाच-सहा दिवस. गार पडलं तर जास्त."

"आणि मी कुठे बसायचं?"

या प्रश्नाला त्यांनी उत्तरच दिलं नाही. उलट मलाच विचारलं, "याची एक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा खाते. तुम्ही किती खाता?"

आता याला काय म्हणायचं सांगा. मी मावा (म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडी) खात नाही हे कबूल. घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांवर तो काळा मावा नुसता लदबदलेला होता हेही कबूल. पण म्हणून मी कुचकामी? मी म्हटलं, अहो मी पाणी घालतो अधूनमधून. ते म्हणाले, "पाणी पाऊसपण घालतो."

एवढ्यात बायको आली, तिने भिंगातून बघितलं आणि तिचे डोळेच भरून आले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याकडे भिंगातून कोणी बघितलेलं नाही. पाच मिनिटांत बाकाला सुतळी बांधली गेली. मग मी सहज, खरंच सहज, पेन्सिलच्या टोकाने त्या कोषाला जरासं शिवलो, तर तो ताडकन उभा राहिला! शेपटावर, बापरे! मी दोन पावलं मागे. काका खूश झाले. "बघितलंत? धमकावतोय तुम्हाला." म्हणजे माझ्या बाकावरून मला हाकलून वर दमदाटी पण त्याचीच. कसेल त्याची जमीन म्हणतात, मग टेकेल त्याचा बाक का नसावा? पण हे मोठ्याने बोलायची सोय नव्हती कारण पुढचा नियम आला की इथे जोरात बोलायचं नाही, कंपनं पोचतात.

इथे मला संधी दिसली. आयुष्यात वाचलेल्या मोजक्या गोष्टी आपण वर्षानुवर्षं खिशात घेऊन हिंडतो, आज ना उद्या उपयोगी पडेल म्हणून, त्यातली एक मी काढली. म्हटलं, डार्विनने गांडुळांवर हा प्रयोग केलाय. १८८१ साली त्याने गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. घरात कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवली होती, त्यांच्यासमोर शिट्टी वाजवली, बसून वाजवला, पियानो वाजवला, आरडाओरडा केला, गांडुळं ढिम्म. (बसून हे वाद्य आहे. डार्विन उभा होता की बसला होता ते मला माहीत नाही.) काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुंडी पियानोवर ठेवल्यावर काय झालं?"

त्यांना माहीत होतं! कुंडी पियानोवरच ठेवली आणि सूर वाजवला तेव्हा गांडुळं झटकन बिळात गेली, कंपनं पोचली म्हणून. ही माहिती मी मुद्दाम गाळली होती. आणि मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "शिवाय ती गांडुळं. हा कोष." झालं, संपला विषय. डार्विनपण कामाला आला नाही.

मग सुरू झाला माझा बादलीचा आठवडा. बायको म्हणाली, पाचसहा दिवसांचा तर प्रश्न आहे, त्या बादलीवर बसा. बादलीवर बसून पेपर (म्हणजे पुरवणी) वाचून बघा एकदा. मागे टेकायला काही नाही, कडेचा काठ मांडीत रुततो, उठल्यावर मागे गोल शिक्का. शिवाय तीही पूर्णवेळ माझी नाही. कडुनिंबाचं तेल फवारायचं असतं ते संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा असर उतरतो आणि दिवसा मधमाश्या येतात. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून आधी साबणाचं पाणी, मग लिटरला पाच मिली तेल, असं सगळं त्याच बादलीत कालवलं जातं. म्हणजे मी ऑफिसातून येऊन जरा टेकलो की माझ्याखालून बादली काढून घेतली जाते. आणि फवारणी बाकाच्या बाजूला नाही हां, तिकडे भाडेकरूला त्रास होईल. मला वास आला तर चालतो.

खरं सांगू का, गंमत बाजूला ठेवून, मला राग येतो. या बागेत सगळ्यांना हक्क आहे. मुंग्यांना आहे, त्या तर माव्याला म्हशीसारख्या पाळतात, त्याचा गोड चिकट पाझर पितात आणि ढालकिडे आले की त्यांना हाकलून लावतात, तरी त्यांना कोणी काही म्हणत नाही, निसर्ग आहे म्हणे. गोगलगायीने मिरचीचं रोप रात्रीत फस्त केलं तरी तिला उचलून अलगद कोपऱ्यात सोडतात. माणूस निसर्गाचाच भाग आहे हे वाक्य मी या घरात किती वेळा ऐकलंय! मग त्या भागाने बसायचं कुठे?

पण सवय वाईट असते. तिसऱ्या दिवसापासून मी रोज उठून आधी कोष बघायला लागलो. चौथ्या दिवशी तो जरा काळपटला, तर मला ऑफिसात उगाच चुकचुकल्यासारखं झालं. किडा बाहेर येतो तेव्हा म्हणे नुसता पिवळा, मऊ असतो, ठिपके नंतर काही तासांत उमटतात. ते मला बघायचं होतं. कोणाला सांगितलं नाही, पण बघायचं होतं.

आणि आज सकाळी बाहेर येतो तो सुतळी सोडलेली, काका माझ्या गुळगुळीत फळीला पाठ टेकून बसलेले, "या या, बसा ना," आणि बादली.

"अहो, तो कोष!"

"परवाच उडाला की! तुम्हाला माहीत नाही?"

परवा. म्हणजे काल दिवसभर मी रिकाम्या टरफलासमोर कुजबुजत्या आवाजात फोनवर बोललो. बायकोने म्हणे पिवळा असतानाचा, एक ठिपका उमटतानाचा, सगळे ठिपके आल्यावरचा, असे फोटो काढून ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी बदाम पाठवले. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, "अहो, तुम्हाला कुठे त्यात इंटरेस्ट असतो?"

मी काहीच बोललो नाही. काका डोळे मिटून ऊन खात होते. एवढ्यात मला बाकाच्या पायावरून वर चढताना एक अळी दिसली. काळसर, अंगावर नारिंगी ठिपके, चिमुकल्या मगरीसारखी, खाऊन खाऊन सुस्तावलेली, म्हणजे आता ती पण जागाच शोधत होती आणि सरळ माझ्या फळीकडे निघाली होती. मी इकडेतिकडे बघितलं. हळूच एक पान तिच्यापुढे धरलं, ती शहाण्यासारखी चढली. मग उठलो आणि तिला बादलीच्या कडेवर, अगदी कडीजवळ, अलगद सोडून दिलं.

आत्ताच जाऊन बघून आलो. चिकटलीये. संध्याकाळी तेल कशात कालवतात ते बघू.