संगतीवर खापर फोडण्याआधी

मुलगा पिऊन घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला: "कुणी पाजली?" मग मित्रांची नावं निघतात, त्यांच्या आईवडिलांना फोन जातात.

संगतीचा जोर खोटा नाही. 2005 मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवण्याच्या एका खेळातून दाखवलं, की 13 ते 16 वर्षांची मुलं एकट्यापेक्षा मित्रांसमोर कितीतरी जास्त धोका पत्करतात. चोविशी ओलांडलेल्यांना मात्र कोण बघतंय याने फारसा फरक पडला नाही.

पण मित्र ग्लास पुढे करतो तोवर पोराचं मत बरंचसं घरात घडून गेलेलं असतं. बाबा दमून येतात, "आज डोक्याचा पार भुगा झालाय, एक घेतल्याशिवाय जमायचं नाही" म्हणतात आणि दहा वर्षांचं पोर हौसेने फ्रिजमधला बर्फ आणून देतं. ताण आला की काय करायचं, हे ते तिथेच शिकतं. काका पिऊन कसे पडले होते, हा किस्सा घरात दरवेळी हसत हसत रंगतो, तेव्हाही ते तिथेच बसलेलं असतं. मग सोळाव्या वर्षी "दारू वाईट" हे भाषण त्याने का ऐकावं?

आणि "बाहेर चोरून घेण्यापेक्षा आमच्यासमोर घे" हे तर मला अजिबात पटत नाही. हेतू चांगला असतो, मान्य. पण ऑस्ट्रेलियात किशोरवयीन मुलांचा सहा वर्षं मागोवा घेऊन 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आईवडिलांनी दारू दिल्याने मुलं सुरक्षित राहतात असं काही दिसलं नाही. उलट घरून मिळणाऱ्यांनी पुढच्या वर्षी बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली.

मित्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. "सगळेच घेतात" असं प्रत्येकाला वाटतं, पण मनातून नको असणारे त्याच टोळक्यात बरेच असतात. कुणीच बोलत नाही, म्हणून कुणालाच कळत नाही. एकाने सहज "मला नको" म्हटलं तरी दुसऱ्याला धीर येतो. असा मित्र असणं हेही संगतीचंच बळ, ते आपण मोजतच नाही.

आइसलंडमध्ये पालकांनी एकत्र येऊन मुलांसाठी सारखे नियम ठरवले, मुलांना खेळ आणि छंदांची सोय झाली. 15-16 वर्षांच्या मुलांमध्ये महिन्याभरात कधीतरी झिंगल्याचं सांगणारे 1998 मध्ये 42 टक्के होते, 2016 मध्ये 5 टक्के.

म्हणून मुलांच्या मित्रांच्या आईवडिलांशी आधीच ओळख ठेवा, तक्रारीचा फोन करायची वेळ येण्यापूर्वी. आणि मुलांना स्पष्ट सांगा: रात्री कितीही वाजता, कुठूनही फोन कर, मी न्यायला येईन, आणि त्या रात्री एक शब्दही बोलणार नाही.