मोजून दोन शब्द

आमच्या सोसायटीत दर २६ जानेवारीला एका सुभेदार काकांना स्टेजवर बसवतात. शाल, श्रीफळ, मग "काका, दोन शब्द बोला". काका उठतात, "जय हिंद" म्हणतात, बसतात. मोजून दोन शब्द. तोवर लोकांचं लक्ष पोह्यांकडे गेलेलं असतं (माझंही, खोटं कशाला बोलू).

काका खडकीच्या बीईजीतले, म्हणजे बॉम्बे सॅपर्स, लष्कराचे इंजिनियर. ७१च्या पाकिस्तान युद्धात विशीत होते. गेल्या महिन्यात त्यांच्या गॅलरीत चहा पिताना मीही तोच बावळट प्रश्न टाकला, "काका, तुमचा पराक्रम सांगा ना." सांगितला, पण राणेसाहेबांचा! रामा राघोबा राणे. एप्रिल १९४८, नौशेरा-राजौरी रस्ता, जागोजागी सुरुंग आणि रणगाड्याखाली सरपटत, दोरीने ड्रायव्हरला इशारे देत पुढे सरकणारा सेकंड लेफ्टनंट. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेला पहिला माणूस. १९९४ साली आपल्या पुण्यातच गेले. काकांचा तेव्हा, ४८ साली, जन्मही झाला नव्हता.

मग मी विचारलं, "सुरुंग शोधतात कसा?"

काका आतून स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि कढीपत्त्याच्या कुंडीत तिरका खुपसला. उभा नाही, तिरका. उभा घातला तर टोक वरून दाबतं आणि खेळ खल्लास. तिरका घातला की कडेला टक्कन लागतं, मग बोटांनी माती सारायची. वीतभर जागेला किती वेळ लागतो ते त्यांनी करूनच दाखवलं. माझा चहा गार झाला.

"पश्चिम सीमेवर लढाई १७ डिसेंबरला थांबली. आमची त्यानंतर सुरू झाली." आपणच पेरलेले सुरुंग आपणच काढायचे. नकाशा असतो, पण पावसात माती सरकते, सुरुंगही सरकतो. त्यांच्या जोडीदाराचा पाय असा गेला, लढाई संपल्यावर. नवा पाय वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात बसवला.

"नगरचा होता," काका म्हणाले.

"साताऱ्याचा," आतून काकू. "आणि कुंडी सोडा, रोप मरेल."

काकूंची लढाई निराळीच. पाकिटावर पत्ता लिहायचा, ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. नवरा पंजाबात आहे की काश्मिरात, त्यावरून काडीचं कळत नाही. "मला वाटायचं, ५६ एपीओ नावाचं गावच असेल."

युद्धस्मारक पुणेकरांनी लोकवर्गणीतून उभारलं, त्याचा अभिमान आहेच. जरूर जा, मुलांना दाखवा. पण ७१ लढलेली माणसं आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत, आणि त्यातली काही तुमच्याच जिन्यात भेटतात. त्यांना माईकसमोर उभं करू नका. "किती मारले?" तर मुळीच विचारू नका. काम काय होतं, कसं करायचात, ते विचारा. आणि काकूंनाही बसवून घ्या, अर्ध्या गोष्टी त्यांच्याकडे आहेत.

रविवारी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून पुन्हा गेलो. स्क्रूड्रायव्हर टीपॉयवर तयार होता. कुंडी काकूंनी आधीच आत हलवली होती.