मुक्त गेम टिकतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुक्त गेमवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. ('मुक्त' म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघू, बदलू आणि वाटू शकतो.) तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्स, ब्लेंडर वगैरे मुक्त सॉफ्टवेअर ठीक आहे, पण गेम हा सिनेमासारखा असतो, त्याला एकाची नजर आणि भरपूर पैसा लागतो, म्हणून मुक्त गेम कायम अर्धवट आणि कुरूप राहणार. शिवाय फुकट गेम बनवून पोट भरत नाही.

यातलं काही मला मान्य आहे. मुक्त गेमचं घोडं कोडपेक्षा चित्रं, आवाज आणि संगीत इथेच अडतं. कोडमधली चूक एखादा अनोळखी माणूस एका संध्याकाळी दुरुस्त करून पाठवतो. पण दहा जणांनी दहा तऱ्हांनी काढलेली चित्रं एकत्र आली की गेमची गोधडी होते. इड सॉफ्टवेअर या कंपनीने १९९७ मध्ये आपल्या 'डूम' या गेमचा सोर्स कोड खुला केला, तेव्हाही चित्रं आणि नकाशे स्वतःकडेच ठेवले. ती उणीव भरून काढायला 'फ्रीडूम' हा वेगळा प्रकल्प उभा करावा लागला.

पण म्हणून हे जमणारच नाही, हे मला पटत नाही. रेल्वे आणि वाहतुकीचं जाळं उभारायच्या 'ओपनटीटीडी' या गेमचंच बघा. मूळ 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स' ख्रिस सॉयर यांचा, १९९५ चा. एका चाहत्याने तो उलगडून नव्याने लिहिला आणि २००४ मध्ये बाहेर आणला. तरी कित्येक वर्षं मूळ सीडीवरच्या फायलींशिवाय तो चालत नसे. मग लोकांनी एकेक इंजिन, एकेक रूळ, एकेक घर नव्याने काढलं, आवाज आणि संगीतसुद्धा नवं केलं. २०१० च्या १.० आवृत्तीपासून सीडीची गरज संपली. मूळ गेमचा नकाशा २५६ बाय २५६ चौकोनांचा होता, इथे तो ४०९६ बाय ४०९६ पर्यंत जातो. हे सगळं हौशी लोकांनी केलंय, आणि ते पाहिलं की मला आजही भरून येतं.

सिनेमाची तुलना कथाप्रधान गेमना लागू पडते. तसा मोठ्या खर्चाचा गेम मुक्त पद्धतीने कसा उभा राहील, याचा रस्ता मलाही दिसत नाही. पण सगळे गेम एकदा बघून संपणारे नसतात. 'नेटहॅक' १९८७ पासून खेळला जातोय. २००३ मध्ये आलेल्या 'बॅटल फॉर वेसनॉथ'मध्ये खेळणारेच नव्या मोहिमा लिहितात आणि गेममधूनच इतरांना देतात. बुद्धिबळाची 'लीचेस' ही साइट २०१० पासून जाहिराती न दाखवता, देणग्यांवर चालते. जिथे नियम भक्कम आहेत आणि तोच डाव हजारदा मांडावासा वाटतो, तिथे मुक्त गेम रुजतो.

आता पोटाचं. आपल्या भाषेत 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन वेगळे शब्द आहेत, ते वेगळेच ठेवू या. 'माइंडस्ट्री' या गेमचा कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला आहे, गेम इतरत्र फुकट मिळतो, तरीही तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकला जातो आणि लोक घेतात. प्रत्येकाला हे साधेल असं मी म्हणत नाही.

'झिरो ए.डी.' हा प्राचीन साम्राज्यांवरचा मुक्त गेम वर्षानुवर्षं अल्फात, म्हणजे अपूर्ण चाचणी अवस्थेतच रखडला, ही तुमची तक्रार रास्त आहे. त्यातले मौर्यांचे हत्ती मला कितीही आवडत असले तरी वेग फार कमी आहे. पण दुसरी बाजूही बघा. 'द क्रू' या मुक्त नसलेल्या, मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ अखेर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांना उघडताही येईना. याउलट २०१० मध्ये 'नेक्सुइझ' या मुक्त गेमचं नाव एका कंपनीकडे गेलं, तेव्हा नाराज मंडळींनी तोच कोड उचलून 'झोनोटिक' सुरू केला. त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. टिकणं म्हणजे माझ्या लेखी हे, आणि मूळ लेखात मी ते नीट मांडायला हवं होतं.

'ओपनटीटीडी' एकदा बसवून बघा. सिग्नलपाशी गाड्या अडून राहिल्या तर इथेच विचारा, सुरुवातीला सगळ्यांच्याच अडतात.