'थकलेले अंक' तक्ता परत येणार नाही : एक स्टार देणाऱ्या ग्राहकाला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. लॉटरी स्टॉलचा हिशोब ठेवणाऱ्या आमच्या ॲपच्या नव्या अपडेटमध्ये आम्ही 'थकलेले अंक' (बऱ्याच सोडतींत न आलेले अंक दाखवणारा) हा तक्ता काढून टाकला, लाखाच्या बक्षिसासमोर सॉफ्टवेअरनं 70,000 दाखवले आणि त्यावरून गिऱ्हाइकाशी तुमची वादावादी झाली, बाकीचं काम एक्सेलमध्ये फुकट होतं, असं तुमचं म्हणणं. शिवाय तुम्हाला ओपन-क्लोजचे, म्हणजे मटक्याच्या आकड्यांचे, चार्ट हवेत. तुमच्यासारखे पेपर लॉटरीचे स्टॉलवाले हेच आमचे गिऱ्हाईक, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं उत्तर देतो.

आधी तक्ता. तो मीच काढायला सांगितला. तुम्ही लिहिता की पहिल्या बक्षिसाच्या शेवटच्या घरात 7 सलग 30 सोडतींत आला नाही, म्हणजे आता येणारच. गणित करून बघू. एका सोडतीत 7 न येण्याची शक्यता दहात नऊ. लागोपाठ 30 सोडतींत न येण्याची साधारण 4 टक्के. ऐकताना फारच कमी वाटते. पण अंक दहा आहेत, आणि त्यांतला कुठला ना कुठला एक 30 सोडतींत अजिबात न दिसण्याची शक्यता जवळजवळ 37 टक्के निघते. म्हणजे कुठल्याही 30 सोडतींचं रेकॉर्ड उघडलं तरी असा 'थकलेला' अंक सहज सापडू शकतो. आणि 31 व्या सोडतीत 7 येण्याची शक्यता तेव्हाही दहात एकच असते. मागचे निकाल सोडतीच्या यंत्राला ठाऊक नसतात.

तो तक्ता निव्वळ जुन्या निकालांची नोंद म्हणून दिला होता. पण काही स्टॉलवाले त्यावरून स्वतःसाठी तिकिटं बाजूला काढायला लागले, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. स्टॉलचं पोट कमिशनवर चालतं. एजंटाचे पैसे वेळेवर द्यावे लागतात, आणि सोडत झाली की न लागलेलं तिकीट रद्दी. मालक स्वतः खेळायला लागला की भांडवल कधी संपलं ते कळतही नाही. 'येणारा नंबर' सांगतो म्हणणारे बाजारात पुष्कळ आहेत. त्यांच्यात मला बसायचं नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

ओपन-क्लोजचं एका वाक्यात सांगतो: मटका हा बेकायदा जुगार आहे, तो आमच्याकडे येणार नाही. सरकारी लॉटरीतही एका अंकावर बक्षीस ठेवायला 1998 च्या लॉटरी कायद्यानं मनाई आहे.

आता ते 70,000. लॉटरीचं बक्षीस 10,000 रुपयांच्या वर गेलं की 30 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापूनच पैसे मिळतात. लाखाला 30,000 कापले जातात, हातात 70,000 येतात. बरोबर 10,000 चं बक्षीस असेल तर कपात नाही. इतर धंद्यात खर्च वजा करून कर भरतात, तसं इथं नाही. वर्षभर घेतलेल्या, न लागलेल्या तिकिटांचे पैसे या रकमेतून वजा करता येत नाहीत. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं तर पुढे कटकट होत नाही, म्हणूनच स्क्रीनवर मोठ्या अक्षरात हाती येणारी रक्कम दिसते आणि तिच्याखाली मूळ बक्षीस व कपात. तुमच्या गिऱ्हाइकाला कापलेले 30,000 त्याच्या पॅन नंबरवर जमा झालेले दिसतील, विवरणपत्र भरताना ते धरता येतात. त्याला या हिशोबाची पावती छापून द्या. सोय त्याच स्क्रीनवर आहे.

एक्सेलबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. तिकिटाचे शेवटचे चार अंक 0452 असतील आणि तुम्ही साध्या रकान्यात टाकलेत, तर एक्सेल तिथे 452 ठेवतं. पुढचं शून्य गायब. आता निकालपत्रकातला 0452 तुमच्या यादीत शोधा, सापडणार नाही, आणि लागलेलं तिकीट 'लागलं नाही' म्हणून परत जाईल. 0000 ते 9999 या 10,000 क्रमांकांपैकी 1,000 शून्यानं सुरू होतात, म्हणजे दर दहा तिकिटांमागे सरासरी एक. रकाना आधी 'टेक्स्ट' केला तर हे टळतं, पण स्टॉलवर गर्दी असताना कोण बघतं? शिवाय मोबाइलवर फिरणाऱ्या निकालाच्या फोटोत 3 आणि 8 सारखेच दिसतात. म्हणून आमच्याकडे निकाल सरकारी निकालपत्रकावरून भरला जातो आणि दोन जणांनी वेगवेगळा भरून जुळल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यामुळे थोडा उशीर होतो, तो मी सोसतो. आणि मुदतीत न मागितलेलं बक्षीस सरकारजमा होतं, त्याची आठवण एक्सेल आपणहून करून देत नाही. आम्ही देतो, तिकिटागणिक.

तरीही समाधान नसेल तर शुल्काच्या उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देतो. ॲपच्या 'मदत' पानावरून विनंती टाका. खातं बंद करण्याआधी 'नोंदी उतरवा' दाबून तुमचा सगळा डेटा घ्या. ती फाइल एक्सेलमध्येही उघडते, आणि तिच्यात तिकीट क्रमांकांचे रकाने आम्ही आधीच 'टेक्स्ट' करून ठेवलेत.