दर्यावर्दी यांना उत्तर: नामू ओस का पडलं

दर्यावर्दी, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नामू या ओस पडलेल्या मासळी-कारखान्याच्या गावावर मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इंजिनं आणि बर्फाची जहाजं आल्यावर तिथल्या कारखान्याची गरज संपली, असं माझं म्हणणं; तुमचं असं: ‘मासे संपले म्हणून नामू संपलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.’ पोराचं नाक पुसायचं सोडून त्याला कॅनडाच्या इतिहासात कशाला ओढलंत? हेच वाक्य नीट शब्दांत लिहिता आलं असतं.

हेल्स गेटचा दाखला चांगला दिलात. त्या अरुंद घळीत १९१४ मध्ये रेल्वेच्या कामामुळे दरड कोसळली आणि अंडी घालायला नदीत वर चढणाऱ्या सॅमन माशांची वाट अडली, मान्य. पण ती फ्रेझर नदी. नामू तिथून शेकडो किलोमीटर उत्तरेला, रस्ताच नसलेल्या किनाऱ्यावर.

१८९३ मध्ये रॉबर्ट ड्रेनीने तिथे कॅनरी, म्हणजे मासळी डब्यात भरायचा कारखाना, घातली, कारण मासळी कोणासाठी थांबत नाही. शिडाच्या आणि वल्ह्यांच्या होड्या, बर्फाची सोय नाही; सॅमन नासायच्या आत डब्यात जायला हवा. म्हणून खाडीखाडीत कारखाना आणि त्याला चिकटून वस्ती. उत्तरेकडे जाळीवाल्या होड्यांना इंजिन लावायला तर १९२४ पर्यंत बंदी होती! पुढे इंजिनं आली, बर्फात मासळी नेणारी जहाजं आली आणि तोच मासा उत्तरेच्या प्रिन्स रूपर्ट बंदरातल्या, नाहीतर पार दक्षिणेला व्हँकुव्हरजवळच्या स्टीव्हस्टनमधल्या मोठ्या कारखान्यांत जाऊ लागला. मग आडबाजूच्या खाडीत एवढी माणसं, त्यांची घरं, दुकान, वीज कंपनी कशासाठी पोसेल? साठच्या दशकाच्या सुरुवातीला आगीत नामूचा कारखाना जळाला, तर बीसी पॅकर्स या मासळी कंपनीने तो पुन्हा उभारला. मासे संपलेल्या जागी कोण पैसे ओततं? विचारा त्या पोराला.

आणि हो, ‘घरबसल्या लिहिलेला लेख’. माझी आजी ससून डॉकवर कोळंबी सोलायची. बर्फाची गाडी उशिरा आली की मालाचं आणि मजुरीचं काय होतं, हे मी शाळेत जायच्या वयाआधी पाहिलंय. मासळीचा धंदा मला गूगलने शिकवलेला नाही.

बाकी लेखात काय राहिलं याची तुमची यादी: तिथल्या मूळच्या हेल्टसुक लोकांचा हजारो वर्षांचा वावर, चिनी कामगारांना दिलेली एकच ओळ, डिसेंबर १९४१ पासून जपानी वंशाच्या कोळ्यांच्या जप्त झालेल्या होड्या. असेल, सगळं खरं असेल. लेख कॅनरी बंद का पडली यावर होता. एका लेखात किती कोंबायचं?

पुढच्या वेळी टोपणनावाआडून न बोलता स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे कोणाशी बोलतेय ते तरी कळेल.