निवड चाचणीविषयी माझ्याच संदेशाचा खुलासा

आमच्या नाट्यसंस्थेच्या आगामी हंगामासाठी ‘प्रत्येक नाटकाची स्वतंत्र चाचणी द्यावी लागेल आणि संपूर्ण भूमिका पाठ हवी’ असा जो संदेश फिरतो आहे, तो माझ्याच घाईने लिहिलेल्या टिपणावरून तयार झाला आहे. निवड समितीची सूचना मी पुन्हा वाचली आणि व्यवस्थापकांनाही विचारले. सर्व नाटकांसाठी पहिली चाचणी एकच आहे. त्यासाठी परस्परभिन्न भावांची दोन छोटी स्वगते पाठ असावीत. दुसऱ्या फेरीस बोलावलेल्यांना संहितेतील उतारा तिथेच वाचायला दिला जाईल, कारण दिग्दर्शकाला पाठांतर नव्हे, तर सूचनेनंतर वाचन कसे बदलते हे पाहायचे असते. (आधीच घोटलेली भूमिका बहुधा एकाच सुरात गोठते.) जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवावा.